मालमोटारीचा घसा : डिझेलच्या नळ्या व फीड पंप

आमचें वैशाखरे गांव मुरबाड तालुक्यांत, सह्याद्रीच्या अगदीं पायथ्याशीं वसलेलें आहे. येथूनच एक जुनी वाट नाणेघाटांत चढते. सातवाहनांच्या काळीं याच वाटेनें कोंकणांतला माल देशावर जात असे. घाटमाथ्यावरील लेण्यांतला नागनिकेचा शिलालेख आणि जकातीचा म्हणून दाखविला जाणारा दगडी रांजण हे त्या वाहतुकीचे साक्षीदार आजही उभे आहेत. ती वाट आतां गिर्यारोहकांची झाली. मालाची वाहतूक शेजारच्या माळशेज घाटांतून होते. कल्याण, मुरबाड, सरळगांव, टोकावडे, वैशाखरे, मोरोशी असा येऊन हा रस्ता घाट चढतो व ओतूर-आळेफाट्याकडे जातो. राष्ट्रीय महामार्ग ६१ हें त्याचें सरकारी नांव. खालून सिमेंट, खत, किराणा वर जातो आणि वरून जुन्नर भागांतला भाजीपाला खालीं कल्याणच्या बाजारास येतो. बैलांच्या जागीं मालमोटारी आल्या, परंतु चढ तोच राहिला आहे. चढावर ज्याचा घसा कोरडा पडतो त्याचे पाय थांबतात, हा नियम बैलाला लागू होता तसाच मोटारीलाही लागू आहे.

आज मी आपणांशीं मालमोटारीच्या घशाविषयींच बोलणार आहें. टाकींतून इंजिनापर्यंत डिझेल नेणाऱ्या नळ्या आणि तें ओढून पुढें ढकलणारा छोटा पंप, ज्याला आमचे मिस्त्री ‘फीड पंप’ म्हणतात, हा आजचा विषय होय. मी यंत्रशास्त्राचा पदवीधर नाहीं. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. आयुष्य मुलांना गणित व विज्ञान शिकविण्यांत गेलें. तथापि माझ्या वर्गांत बसून गेलेलीं कित्येक मुलें आज मोटारी चालवितात, कित्येक गॅरेजांत काम करितात. निवृत्तीनंतर त्यांच्याजवळ बसून जें पाहिलें व पडताळलें, तेंच सांगण्याचा विचार आहे.

प्रथम थोडा इतिहास. रुडॉल्फ डिझेल या जर्मन संशोधकास १८९३ सालीं आपल्या इंजिनाचें पेटंट मिळालें, व १८९७ सालीं आउग्सबुर्ग येथें त्याचें इंजिन समाधानकारक रीतीनें चालूं लागलें. या इंजिनांत ठिणगीची योजना नाहीं. सिलिंडरमध्यें हवा इतकी दाबावयाची कीं, दाबानेंच ती पांचशे अंशांहून अधिक तापावी. आणि त्या तापलेल्या हवेंत तेलाचा अतिसूक्ष्म फवारा सोडावयाचा, म्हणजे तें आपोआप पेट घेतें. अडचण फवाऱ्याची होती. सुरुवातीस तेल उडविण्यासाठीं दाबलेली हवा वापरीत, व तिच्यासाठीं लागणारा कंप्रेसर येवढा अवजड असे कीं तें इंजिन गाडीवर चढविणें कठीण होई. हवेच्या मदतीवांचून केवळ पंपाच्या जोरानें फवारा उडविण्याची युक्ति साधली. आणि १९२७ सालीं रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यानें असे पंप मोठ्या प्रमाणावर बनविण्यास आरंभ केला, तेव्हां कोठें डिझेलची मालमोटार घरोघर पोचण्याचा मार्ग मोकळा झाला. आपल्या देशांत १९५१ सालीं मायको ही कंपनी स्थापन झाली, व पुढें नाशिक येथील तिच्या कारखान्यांत फवाऱ्याचीं नोझलें तयार होऊं लागलीं. १९५४ सालीं जमशेदपूर येथें टाटांनीं जर्मनीच्या डाइम्लर-बेंझ कंपनीच्या सहकार्यानें मालमोटारी काढण्यास प्रारंभ केला. त्या वळणाचे पंप असलेल्या जुन्या गाड्या आमच्या बाजूस अद्याप राबतांना दिसतात. आजचें विवेचन मुख्यतः अशा गाड्यांचें आहे.

आतां डिझेलचा प्रवास पाहूं. टाकींत एक उभी नळी सोडलेली असते. तिच्या तोंडाशीं जाळी असते. तेथून एक लांब नळी चॅसीच्या कडेनें इंजिनाकडे येते व फीड पंपास मिळते. हा फीड पंप मुख्य पंपाच्या अंगालाच बसविलेला असून त्याचा दट्ट्या मुख्य पंपाच्या आंसावरील उंचवट्यानें मागें-पुढें होतो. त्याच्यावर हातानें दाबावयाची एक मूठ असते; तिला हँड प्राइमर म्हणतात. फीड पंप डिझेल ओढून फिल्टरांतून मुख्य पंपाकडे ढकलतो. त्याचा दाब वातावरणाच्या दाबाहून फार तर एक-दीड पटीनें जास्त. मुख्य पंपाचा दाब मात्र प्रचंड. जुन्या पद्धतीच्या गाडींत नोझल उघडावयास दर चौरस सेंटिमीटरला सुमारें २०० किलोग्रॅमचा दाब लागतो. नव्या कॉमन रेल गाड्यांत तो १६०० ते २००० व त्याहूनही अधिक असतो.

या मार्गाचे दोन भाग मनांत पक्के ठसवावे, कारण पुढील सर्व गोष्टी त्यांवर अवलंबून आहेत. टाकीपासून फीड पंपापर्यंतचा भाग ‘ओढीचा’, आणि फीड पंपापासून पुढचा भाग ‘दाबाचा’. दाबाच्या बाजूस नळीला भोंक पडलें तर डिझेल बाहेर ठिबकतें. तें डोळ्यांस दिसतें, नाकास कळतें. ओढीच्या बाजूस भोंक पडलें तर इंजिन चालूं असतां थेंबही बाहेर येत नाहीं, उलट बाहेरची हवा आंत शिरते. पहिल्या बाजूचा चोर बाहेर पडतांना पकडला जातो, दुसऱ्या बाजूचा चोर गुपचूप घरांत शिरून बसतो. ‘नळी कोरडी आहे, म्हणजे ती धड आहे,’ असा जो समज सर्वत्र आढळतो, तो येथेंच फसतो.

हवा आंत गेल्यानें बिघडतें काय? शाळेंत मी मुलांच्या हातीं दोन पिचकाऱ्या देत असें. एकींत पाणी, दुसरींत हवा. तोंड बोटानें बंद करून दट्ट्या दाबला, तर पाण्याची पिचकारी दगडासारखी अडून बसे व हवेची निम्म्यापर्यंत सहज दबे. द्रव दबत नाहीं, वायू दबतो. मुख्य पंपाच्या कोठींत डिझेलऐवजीं हवेचा बुडबुडा आला, कीं दट्ट्याचा सारा जोर तो बुडबुडा दाबण्यांत खर्च होतो. २०० किलोचा दाब तयारच होत नाहीं, नोझल उघडत नाहीं आणि त्या सिलिंडरची पाळी फुकट जाते. ‘गाडीनें एअर घेतली’ असें चालक म्हणतात, त्याचा अर्थ हाच.

आतां ओढीचें गणित. फीड पंप डिझेल ‘ओढतो’ असें आपण म्हणतों. वस्तुतः पंप फक्त जागा रिकामी करितो, आणि टाकीवरील वातावरणाचा दाब डिझेलला त्या जागेंत लोटतो. १६४३ सालीं टॉरिसेलीनें पाऱ्याच्या नळीनें हा दाब मोजला, हें आपणांस शाळेंत शिकविलेलेंच आहे. हा दाब पाण्याला सुमारें १० मीटर उंच चढवूं शकतो, डिझेलला त्याहूनही अधिक. मालमोटारीची टाकी व पंप यांच्या उंचींत एक मीटरचाही फरक नसतो. मग अडतें कोठें? अडतें नळीच्या लांबीमुळें, अरुंदपणामुळें, चिंबलेल्या वांकामुळें, चोंदलेल्या जाळीमुळें. सात-आठशें मीटर उंचीवर वातावरणाचा दाब समुद्रकांठच्यापेक्षां आठ-नऊ टक्क्यांनीं कमी असतो. म्हणजे लोटणारा हात तेवढा सैल होतो, आणि त्याच वेळीं चढामुळें इंजिनाची भूक वाढलेली असते.

ही भूक किती? इंजिन १०० अश्वशक्ति खर्च करीत असेल तर ताशीं सुमारें २० लिटर डिझेल जळतें, म्हणजे मिनिटास लिटरचा तिसरा हिस्सा. परंतु फीड पंपानें त्याच्या कित्येक पट डिझेल द्यावयाचें असतें. कारण उरलेलें डिझेल परतीच्या नळीनें टाकींत जातांना बुडबुडे व उष्णता आपल्याबरोबर घेऊन जातें. म्हणूनच परतीची नळी चोंदलेली चालत नाहीं.

येथें एक उदाहरण सांगतों. माझा एक जुना विद्यार्थी हप्त्यावर घेतलेली जुनी मालमोटार चालवितो. त्याचा धाकटा भाऊ त्याच्याबरोबर असतो. गेल्या कांहीं महिन्यांत गाडी घाट चढतांना मधेंच दम टाकी व बंद पडे. हँड प्राइमर मारून हवा काढली कीं पुन्हां चाले. एका पावसाळी रात्रीं सिमेंटची खेप घेऊन जात असतां ती ऐन वळणावर बंद पडली. दाट धुकें, मागें दरी. ब्रेकची हवा भरणारा कंप्रेसर इंजिनावरच चालतो. इंजिन बंद म्हणजे नवी हवा नाहीं, स्टीअरिंगही जड. गाडी हातभर मागें सरकली, तेवढ्यांत धाकट्यानें उडी टाकून चाकाखालीं दगड लावला, म्हणून दोघेही आज आपल्यांत आहेत. त्याच दगडानें त्या पोराचीं बोटें चेंगरतां चेंगरतां राहिलीं.

एका गॅरेजांत त्यांस सांगण्यांत आलें कीं, मुख्य पंप उतरवून पूर्ण नवा भरावा लागेल. तो खर्च त्यांच्या कित्येक महिन्यांच्या हप्त्यांइतका होता. पोरगा माझ्याकडे आला व म्हणाला, “गुरुजी, गाडी विकूं का?” मीं त्यास एक चाळीस पानी वही दिली व म्हणालों, “बाळा, आधीं पंधरा दिवस या वहींत लिही. गाडी कोठें बंद पडली, टाकींत डिझेल किती होतें, चढ होता कीं सपाटी, भरलेली होती कीं रिकामी. मग काय विकायचें तें ठरवूं.”

पंधरा दिवसांनीं वही पाहिली. गाडी सहा वेळां अडली होती, आणि सहाही वेळां टाकी निम्म्याहून खालीं होती. टाकी भरलेली असतां ती एकदांही थांबली नव्हती. मुख्य पंप झिजला असता, तर टाकी भरलेली कीं अर्धी याच्याशीं त्यास काय कर्तव्य? तेव्हां आमच्या येथील एका अनुभवी मिस्त्रींनीं फीड पंपास टाकीची नळी सोडवून, पक्क्या बांधलेल्या स्वच्छ डब्यांतून थेट डिझेल दिलें, आणि गांवाजवळच्या चढावर गाडी फिरविली. तिनें जराही दम टाकला नाहीं. म्हणजे दोष फीड पंपाच्या अलीकडे, टाकीच्या बाजूस होता, हें सिद्ध झालें. टाकींतली उभी नळी बाहेर काढून, खालचें तोंड बुचानें बंद करून, पाण्याच्या बादलींत बुडवून सायकलच्या पंपानें तींत हवा भरली. नळीच्या मध्यावर केसासारखी चीर होती. तेथून बुडबुड्यांची माळ निघाली. डिझेलची पातळी चिरेच्या वर असे तोंवर चिरेंतून डिझेलच ओढलें जाई, त्यानें नुकसान नव्हतें. पातळी खालीं गेली कीं तीच चीर हवा ओढी. आणि चढावर डिझेल टाकीच्या मागल्या अंगास सरके, त्यामुळें ती लवकर उघडी पडे. मुख्य पंपास हात लावावा लागला नाहीं. गाडी विकली गेली नाहीं.

या प्रसंगानंतर त्यांनीं सर्व मार्गच सुधारून घेतला. कोणासही उपयोगीं पडावें म्हणून ती सुधारणा क्रमानें सांगतों.

पहिली गोष्ट, टाकी. ती उतरवून तळचा गाळ व पाणी काढून टाकावें, जाळी साफ करावी, झांकणाचें हवा घेण्याचें छिद्र मोकळें आहे ना तें पाहावें. तें छिद्र बुजलें तर टाकींत पोकळी निर्माण होते व उत्तम पंपही हतबल होतो.

दुसरी गोष्ट, नळ्या. ८ मिलिमीटर पोकळीच्या नळीऐवजीं १० मिलिमीटरची घातली, तर वाढ दोन मिलिमीटरचीच दिसते; परंतु अशा संथ प्रवाहांत नळीची वहनशक्ति व्यासाच्या चौथ्या घातानें वाढते. सव्वाचा चौथा घात म्हणजे जवळजवळ अडीच पट. मात्र सांध्यावरील पोकळ बोल्टाचें भोंक जुनें अरुंदच ठेवलें, तर रुंद नळीचा कांहीं उपयोग नाहीं. रस्ता रुंद केला आणि पूल मात्र बैलगाडीचाच ठेवला, तशांतला तो प्रकार होय. नळीच्या धातूकडेही लक्ष द्यावें. जस्ताचा मुलामा दिलेली नळी डिझेलला वापरूं नये. जस्ताचा डिझेलमधील आम्लांशीं संयोग होऊन साबणासारखा चिकट पदार्थ बनतो व तो फिल्टर चोंदवितो. तांबें डिझेलला लवकर जुनें करितें, आणि सततच्या थरथरीनें तांब्याची नळी कडक होऊन टोंकाशीं तडकते. पोलादी नळी अगर डिझेलसाठींच बनविलेली नायलॉनची नळी अधिक बरी. ती चॅसीस ठिकठिकाणीं पट्ट्यांनीं आंवळावी, व धुराच्या नळापासून दूर ठेवावी.

तिसरी गोष्ट, रबर. बाजारांत मिळेल ती पाण्याची रबरी नळी लावणें धोक्याचें. साधें रबर डिझेलमध्यें फुगतें, आंतून सोलतें, आणि त्याची साल झडपेसारखी प्रवाह अडविते. बाहेरून मात्र नळी धडधाकट दिसते. डिझेलसाठींच केलेली, नायट्राइल रबराची नळी घ्यावी. बायोडिझेलचें मिश्रण वापरांत असेल तर फ्लुओरो जातीचें रबर अधिक टिकतें.

चौथी गोष्ट, वायसर. तांब्याचा वायसर एकदां दाबला गेला म्हणजे कडक होतो व दुसऱ्यांदा नीट बसत नाहीं. तो लालबुंद तापवून पाण्यांत विझविल्यास मऊ होतो खरा, परंतु नवा वायसर चहाच्या पेल्याहून महाग नाहीं. येवढ्या पैशांसाठीं घाटांत रात्र काढणें शहाणपणाचें नव्हे.

पांचवी गोष्ट, फिल्टर व पाणी. मुख्य पंपांतील दट्ट्या व त्याची कोठी यांमधली फट दोन-तीन सहस्रांश मिलिमीटरची असते. माणसाचा केस तिच्याहून वीस-तीस पटींनीं जाड आहे. तेव्हां धुळीच्या एका कणानें काय अनर्थ होईल तो सांगावयास नको. आमच्याकडे पावसाळा मुसळधार. अर्धवट रिकाम्या टाकींत रात्रीं हवेंतली वाफ थिजून पाणी होतें, व पाणी-डिझेलच्या सीमेवर बुरशी वाढते. म्हणून शक्य तर सायंकाळींच टाकी भरावी, आणि फिल्टरखालची तोटी सोडून सांचलेलें पाणी नित्य काढावें.

सहावी गोष्ट, खुद्द फीड पंप. त्याच्या झडपा व स्प्रिंगा, दट्ट्या, आणि हँड प्राइमरची रबरी कडी हीं झिजतात. प्राइमरची मूठ नीट आंवळलेली नसली तर तेथूनच हवा शिरते. रात्रभर उभी केलेली गाडी सकाळीं पुष्कळ वेळ फिरवावी लागत असेल, तर झडप बसत नाहीं किंवा सांधा हवा घेतो व डिझेल टाकींत परत उतरतें, असें समजावें. पंप ठराविक वेळांत किती डिझेल देतो हें मापाच्या बाटलींत मोजावें, आणि तो आंकडा कंपनीच्या पुस्तिकेशीं ताडून पाहावा. अंदाजाने नवा पंप घेण्यापूर्वीं येवढें मोजमाप होणें अवश्य आहे.

अलीकडे टाकीजवळ विजेवर चालणारा पंप बसविण्याची टूम आहे. तिच्यांत तथ्य आहे. टाकीजवळचा पंप ओढण्याऐवजीं ढकलतो, त्यामुळें लांब नळीमधली पोकळी नाहींशी होते. परंतु तीन सूचना. पंपाचा दाब आपल्या मुख्य पंपास मानवेल तेवढाच असावा. अधिक दाबानें आंसाचें सील फुटून डिझेल इंजिनाच्या तेलांत उतरूं शकतें, आणि गोल जातीच्या पंपांत तर फवाऱ्याची वेळच बदलते. दुसरें, त्यास फ्यूज व रिले असावा, आणि इंजिन थांबतांच तो बंद व्हावा. अपघातांत नळी तुटली असतां पंपानें रस्त्यावर डिझेल ओतीत राहतां कामा नये. तिसरें, चीर असलेली नळी तशीच ठेवून वीजपंप लावणें म्हणजे तापावर पांघरूण घालणें होय. आधीं रोग पाहावा.

आतां सुरक्षिततेविषयीं, कारण हा भाग वगळणें योग्य होणार नाहीं. डिझेल पेट्रोलसारखें भडकत नाहीं म्हणून लोक निर्धास्त असतात. आपल्या देशांतील मानकाप्रमाणें डिझेलचा प्रज्वलनबिंदु ३५ अंशांहून कमी नसावा, येवढेंच बंधन आहे. आणि वैशाखांत आमच्या येथें दुपारीं पारा त्याच्याही वर जातो. तेव्हां टाकीचें काम विडी-काडी व ठिणगी यांपासून दूर, उघड्यावर करावें. रिकाम्या टाकीस धुतल्यावांचून व वाफ घालविल्यावांचून वेल्डिंग कदापि करूं नये. डिझेल तोंडानें ओढूं नये. तें फुप्फुसांत गेल्यास प्राणावर बेततें. आणि चालूं इंजिनाच्या नोझलाच्या नळीपाशीं गळती हातानें चांचपूं नये. तो बारीक फवारा कातडी भेदून आंत जातो. जखम टांचणीयेवढी दिसते, पण हात गमावण्याची पाळी येऊं शकते. असें घडल्यास दुखत नाहीं म्हणून घरीं न बसतां तत्काळ इस्पितळ गांठावें.

१ एप्रिल २०२० पासून भारत-६ प्रतीच्या गाड्या व दशलक्षांत १० भागांहून अधिक गंधक नसलेलें डिझेल आलें. या गाड्यांच्या इंधनमार्गांत आपल्या मनानें कांहींही फेरफार करूं नयेत. तेथें दाब व मापें संगणक पाहतो. तें काम कंपनीच्या शिकलेल्या माणसाचें.

श्रोतेहो, मालमोटार चालविणारा माणूस आपणांस रस्त्यावर दिसतो, पण त्याच्या मागें हप्ता असतो, घर असतें, वाट पाहणारी माणसें असतात. वाहनाचा मालक रंगावर, झालरीवर व हॉर्नवर खर्च करितो. चॅसीखालच्या बोटभर जाडीच्या नळीकडे कोणी वळून पाहत नाहीं. माझें मागणें थोडें आहे. मालकांनीं वर्षांतून एकदां, पावसाळ्यापूर्वीं, ही सर्व वाट टाकीपासून पंपापर्यंत तपासून घ्यावी. मिस्त्रींनीं महागडा भाग उतरविण्यापूर्वीं स्वस्त परीक्षा करावी. आणि चालकांनीं एक वही गाडींत ठेवावी. यंत्र बोलत नाहीं, पण तें कधीं, कोठें व कोणत्या स्थितींत अडलें, हें लिहून ठेवणाऱ्यास तें आपलें दुखणें सांगितल्यावांचून राहत नाहीं. घाट चढणाऱ्या सर्व बांधवांचा प्रवास सुखरूप होवो.